२०२० च्या इलेक्ट्रिक गाडीला २०२२ चं तोंड : इंदूरच्या शेडमधल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

गाडी आत्याची. एमजी झेडएस ईव्ही, २०२० ची, पांढरी. गेल्या महिन्यात देवासहून परतताना बायपासवर नीलगाय आडवी आली. वेग कमी होता, एअरबॅग उघडल्या नाहीत, आत्याला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं तोंड मात्र गेलं. आज धार रोडच्या शेडमध्ये डेंटिंग करणाऱ्या उस्तादांबरोबर पुढचा भाग उतरवून काय शिल्लक आहे ते पाहिलं.

बंपर दोन ठिकाणी फाटलाय. दोन्ही हेडलाइटचे कान तुटलेत, उजव्याची काचही फुटलीय. बोनटची पुढची कड दुमडली, डावं फेंडर आत दबलं. बंपरमागचं लोखंडी बीम मध्यावर आत गेलंय, ते बदलायलाच हवं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर शाबूत, कुठे गळती नाही.

या गाडीत लोगो नुसता शोभेचा नाही. २०२० च्या झेडएसचं चार्जिंग सॉकेट बरोबर लोगोच्या मागे बसवलेलं आहे, लोगो उचलायचा आणि चार्जरची गन लावायची. म्हणजे तोंड फुटलं की चार्जिंगची जागाही उघडी पडते. सॉकेटचं झाकण गेलंय, त्याला धरणारा ब्रॅकेट वाकलाय. सॉकेट स्वतः वरवर तरी ठीक दिसतं. वरवर दिसण्यावर मात्र इथे काहीच सोडणार नाही.

२०२२ च्या मॉडेलचं तोंड बसवायचं, हा विचार माझा. उस्तादांना तो लगेच पटला, आत्याला समजावून सांगावा लागला. जुन्या मॉडेलमध्ये हॅलोजन प्रोजेक्टर दिवे होते. मार्च २०२२ मध्ये जे नवं मॉडेल आलं त्याला एलईडी हेडलाइट आहेत. आत्या सत्तरीला टेकलीय आणि महिन्यातून दोनदा तरी रात्रीची उज्जैनहून एकटी गाडी चालवत येते. "मला नव्या गाडीत दिसायचं नाहीये," ती म्हणाली, "रात्रीचा रस्ता नीट दिसत असेल तर बसव." ठरलं.

१५ जानेवारी, बुधवार

पाना हातात घेण्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी घट्ट केलं. आमचे भाग त्याच कंपनीचे, त्याच नावाच्या मॉडेलचे आणि भारतात विकल्या गेलेल्या गाडीचे आहेत. तरी "चालतं हो सगळं" यावर मला गाडी रस्त्यावर आणायची नाही. परिवहन कार्यालयाला अर्ज लिहिला, विमा कंपनीला वेगळं पत्र. दोन्हीत कोणता भाग निघणार, कोणता येणार, बॅटरी आणि मोटर जशीच्या तशी राहणार, हे स्पष्ट लिहिलं. फोटो जोडले. उत्तर येईपर्यंत काम शेडच्या आत.

रंग पांढराच राहणार, त्यामुळे आरसीवर रंगबदलाचा प्रश्न नाही.

१९ जानेवारी, रविवार

भाग आले. विम्याच्या लिलावातून घेतलेल्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे २०२२ ची एक लाल झेडएस होती. मागून ट्रकने ठोकलेली, पुढून अगदी कोरी. बोनट, दोन्ही फेंडर, दोन्ही हेडलाइट, बंपर, वरची बंद जाळी, चार्जिंगचं झाकण आणि त्यामागचं घर, बंपरचं बीम, रेडिएटरच्या कडेचे हवेचे पडदे, सगळं एकाच गाडीचं घेतलं. सुटे भाग चार ठिकाणांहून आणले की सांध्यात फट कुठून आली हे शोधत बसावं लागतं.

जुलै २०२३ पासून याच मॉडेलमध्ये रडारवर चालणारी चालक-साहाय्याची यंत्रणा येऊ लागली. आमची दाता गाडी त्याआधीची, म्हणून ती भानगड नाही. पण २०२२ मध्ये चारही बाजू दाखवणारे कॅमेरे आले होते आणि पुढचा त्यांतलाच. आत्याच्या गाडीत ती यंत्रणाच नाही. कॅमेरा काढून ठेवला, भोक मागून काळ्या पट्टीने बंद करायचं.

वाईट बातमी एकच. दाता गाडीची चार्जिंगची नारिंगी, म्हणजे मोठ्या दाबाची, केबल यार्डात कुणीतरी कटरने कापून टाकलीय. सॉकेटपासून वीतभर शेपूट लोंबतंय.

२६ जानेवारी, रविवार

आज फक्त वीज बंद करण्याचं काम, आणि घाई करायची नाही असं ठरवूनच आलो होतो.

या गाडीची बॅटरी ४४.५ किलोवॅट-तासांची, दाब चारशे व्होल्टच्या आसपास. पीथमपूरच्या कारखान्यात देखभालीला असल्यामुळे मोठ्या दाबाशी माझा रोजचा संबंध येतो. तरी एकट्याने हात घालायचा नाही हा नियम इथेही पाळला. खात्यातला सहकारी सोबत आला. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने हात रिकामे ठेवून बघत उभं राहायचं, जवळ लाकडी दांडा आणि मोकळी वाट ठेवून. हजार व्होल्टपर्यंत चालणारे क्लास झीरोचे रबरी हातमोजे घालण्याआधी हवा भरून तपासले, त्यावर चामड्याचे. हातातली अंगठी, गळ्यातली साखळी, घड्याळ, सगळं डब्यात.

क्रम असा ठेवला. गाडी बंद, किल्ली शेडच्या बाहेर. १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली. ती गेली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिची वीज बाहेर सोडणारे स्विच, उघडे राहतात. मग सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा प्लग, काढून खिशात. त्यानंतर चहा, कारण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरना रिकामं व्हायला वेळ द्यावा लागतो. मग मीटर. आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून मीटर जिवंत आहे हे पाहिलं, मग गाडीत मोजलं, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या मोजणीत शून्य आलं आणि मीटर नंतरही जिवंत होता, तेव्हा कुठे त्या शून्याला अर्थ आला. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

उस्ताद तीस-पस्तीस वर्षं डेंटिंग करतायत. हे सगळं शांतपणे पाहून म्हणाले, "भिया, पेट्रोल की गाड़ी में तो बस बीड़ी बुझाते थे." नारिंगी केबलच्या दोन वितींच्या आत वेल्डिंग, ग्राइंडर आणि गॅस आणायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच खडूने भिंतीवर लिहिला.

२ फेब्रुवारी, रविवार

मोजमाप. सांगाड्याच्या पुढच्या दोन्ही रेल सरळ आहेत का हे कळल्याशिवाय नवं तोंड लावण्यात अर्थ नाही. कर्ण मोजले. उजव्या सस्पेन्शन टॉवरपासून डाव्या रेलच्या टोकापर्यंत आणि उलट, त्याच भोकांतून. फरक दोन मिलिमीटरच्या आत. धक्का बीमने खाल्ला, रेलपर्यंत गेला नाही. नवं बीम चढवलं, ते मूळ भोकांवर बसलं.

फेंडर आणि बोनट कच्चे लावून दरवाज्यापासूनची फट पाहिली. डाव्या बाजूला वर कमी, खाली जास्त. उस्तादांनी बिजागरीचे बोल्ट सैल करून बोनट जरा मागे ढकललं, फेंडरखाली एक पातळ वॉशर दिला आणि फट सारखी झाली. हे त्यांचं क्षेत्र, मी फक्त टॉर्च धरला.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळ्या कामाचा गाभा आता आला. नव्या तोंडात लोगो जागच्या जागी पक्का, आणि चार्जिंगचं झाकण लोगोच्या बाजूला सरकलेलं. आत्याच्या गाडीचं सॉकेट मधोमध. नव्या जाळीत मधोमध उघडायला काहीच नाही.

वाटा तीन होत्या. पहिली, नवी जाळी मधोमध कापून तिथे झाकण करायचं. यात केबलला हात लागत नाही, पण पाणी आत जाणार नाही असं झाकण शेडमध्ये बनवणं कठीण, आणि जाळी दिसणारही कापलेलीच. दुसरी, दाता गाडीचं सॉकेट वापरून तिच्या कापलेल्या नारिंगी शेपटाला आमची केबल जोडायची. व्यापाऱ्याने हेच सुचवलं होतं, "क्रिम्प मारा, श्रिंक ट्यूब चढवा, होऊन जाईल." हे मी करणार नाही, आणि कुणी करू नये असं मला कळकळीने वाटतं. जलद चार्जिंगच्या वेळी या केबलमधून शंभरावर अँपिअर एकदोन मिनिटं नव्हे तर पाऊण तास वाहतात. जोड कितीही चांगला दाबला तरी तिथला रोध बाकीच्या तारेपेक्षा थोडा जास्त राहू शकतो, आणि उष्णता वाढते ती प्रवाहाच्या वर्गाने. शिवाय केबलभोवती जाळीचं कवच असतं, ते तुटलं की त्याचा अर्थिंगशी संबंध तुटतो. बंपरच्या मागे, पावसाचं पाणी उडतं अशा जागी असला जोड म्हणजे घरात आग ठेवून झोपणं.

तिसरी वाट, आमचंच सॉकेट, आमच्याच अखंड केबलसह, नव्या जागी सरकवायचं. केबल पुरते का एवढाच प्रश्न. दोन क्लिप सोडल्यावर कवचाच्या पट्ट्याखाली गुंडाळलेला भाग मोकळा झाला आणि सॉकेट नव्या जागेच्याही चार बोटं पुढे आलं. ताण नाही. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या पाचपटीहून कमी होऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं, दोरीने मोजली तर सातपट आली.

फार समाधान वाटलं. केबलवर ब्लेड चालवावं लागणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी सांवेर रोडला. आमच्या सीसीएस-२ प्रकारच्या चार्जिंग सॉकेटचा गनकडचा चेहरा प्रमाणाने ठरलेला असतो, मागच्या कानांची भोकं मात्र बनवणाऱ्यागणिक वेगळी. आमच्या सॉकेटची भोकं नव्या घराशी जुळत नाहीत. मध्ये पट्टी लागणार. स्टेनलेसची तीन मिलिमीटरची पट्टी लेझरवर कापून घेतली, कडा घासून गोल केल्या.

ॲल्युमिनियम हलकं पडलं असतं, पण जलद चार्जरची गन आणि तिच्या मागे लोंबणारी जाड केबल यांचं वजन सॉकेटवरच येतं. गन लावताना माणूस अंगाने रेटतो, काढताना वर-खाली हलवतो. पट्टी लवली तर सॉकेटचं लॉक तिरकं बसेल आणि गन अडकेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

सॉकेट बसवलं. तीन गोष्टींवर वेळ गेला.

पहिली, पाण्याची वाट. सॉकेटच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं. घर जरा फिरलं तर ते भोक सर्वांत खालचं राहत नाही आणि पाणी पिनांच्या खळग्यात साचतं. पाणपातळी लावून पट्टीचं एक भोक लांबट केलं, सॉकेट दोन अंश फिरवलं, आणि ड्रेनची नळी बंपरच्या तळापर्यंत खाली उतरवली. वर वळण नाही, मध्ये पोट नाही.

दुसरी, अर्थिंग. सॉकेटची संरक्षक अर्थ पिन मूळ तारेनेच बॉडीला जोडलेली आहे, ती तशीच. पण आता एक नवी धातूची पट्टी गाडीत आली. ती रंगवलेल्या ब्रॅकेटवर बसली तर हवेत लटकल्यासारखीच. बोल्टखालचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, वेगळी विणलेली पट्टी बॉडीपर्यंत नेली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेचं प्रमाण सांगतं की हात लागू शकेल असा धातू आणि चेसी यांच्यातला रोध ०.१ ओहमच्या आत हवा. मिलिओहम मीटर कारखान्यातून परवानगीने आणला होता. रोध त्याच्या बराच खाली आला.

तिसरी, इन्सुलेशन. सॉकेटची केबल दोन्ही टोकांनी सुटी असतानाच ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारा मीटर, लावला. चार्जर जोडलेला असताना मेगर लावला तर आतले इलेक्ट्रॉनिक भाग मरतात, हे ज्याला मेगर हातात देतो त्याला आधी सांगायला हवं. डीसी आणि एसी दोन्ही जोडलेल्या मांडणीत कमीत कमी ५०० ओहम प्रति व्होल्ट अशी अट असते. चारशे व्होल्टला २ लाख ओहम होतात. आमची केबल मेगरच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर जाऊन थांबली. धक्क्याने सॉकेटच्या आत भेग गेली असती तर ती इथे सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त होती.

लॉकची मोटर १२ व्होल्टवर हाताने चालवून पाहिली. पिन मोकळी आत-बाहेर होते. तापमानाच्या सेन्सरच्या बारीक तारा नारिंगी केबलपासून वेगळ्या नळीत घेतल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

हेडलाइट. जुना दिवा आणि नवा दिवा यांचे प्लग वेगळे, पिनांचा क्रम वेगळा. गाडीची मूळ वायरिंग कापून नवे प्लग लावणं सोपं, पण मला मूळ वायरिंगवर एकही काप नको होता. उद्या कुणाला जुना दिवा परत लावायचा झाला तर तो लागला पाहिजे.

उपाय मेलेल्या दिव्यांतच होता. जुन्या फुटक्या हेडलाइटच्या पाठीवरचं सॉकेट, ज्यात गाडीचा प्लग जातो, ते कापून काढलं. दाता गाडीच्या वायरिंगमधून नव्या दिव्याचा प्लग वीतभर तारेसकट घेतला. दोन्हींच्या मध्ये तारा जोडल्या. झालं जोडहार्नेस, एका टोकाला जुनी गाडी, दुसऱ्या टोकाला नवा दिवा. डाव्या आणि उजव्याचं वेगळं केलं, दोन्हींवर पट्टी चिकटवली.

कोणती तार कशाची, हे रंगावरून मानलं नाही. टेबलावर १२ व्होल्टचा पुरवठा, दोन अँपिअरची मर्यादा घालून, एकेक पिन तपासली. लो बीम, हाय बीम, पार्किंग, दिवसाचा दिवा, इंडिकेटर, उंची बदलणारी मोटर. मोटरला दोन तारा वीज देतात आणि तिसरी डॅशबोर्डवरच्या चाकाकडून निरोप आणते. ती चुकीच्या पिनवर गेली तर मोटर एका टोकाला जाऊन घरघरत राहते.

एक अडचण अपेक्षेप्रमाणे आली. हॅलोजनचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या निम्म्याहूनही कमी. गाडीच्या कंट्रोलरला वाटतं बल्ब गेला, आणि तो इशारा देतो. बाजारात यावर रेझिस्टर विकतात. जेल रोडला कुठल्याही दुकानात मिळतील. पण तो रेझिस्टर वाचवलेली वीज उष्णतेत घालवतो आणि शेजारी प्लास्टिकचा बंपर आहे. आम्ही कंट्रोलरमधली दिव्याच्या प्रकाराची नोंद बदलता येते का ते जाणत्या माणसाकडून तपासून घेतलं. आमच्या गाडीत ती बदलता आली, इशारा गेला. दुसऱ्या गाडीत तसं होईलच असं मी म्हणणार नाही.

२ मार्च, रविवार

रंग. बोनट आणि फेंडर लोखंडी, त्यांचा लाल रंग घासून प्राइमर. बंपर प्लास्टिकचा, त्याला आधी प्लास्टिकचा प्राइमर आणि रंगात लवचीकपणा देणारं द्रव्य, नाहीतर पहिल्या खड्ड्याला कडेवर तडे जातात. पांढरा रंग सोपा वाटतो पण पाच वर्षांच्या उन्हात आत्याच्या गाडीचा पांढरा जरा पिवळसर झालाय. उस्तादांनी दरवाज्याशेजारी नमुन्याचे पत्रे धरून, सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात बघून, छटा मिळवली. कोड नंबरवरून डबा आणला असता तर तोंड नवं आणि अंग जुनं दिसलं असतं.

९ मार्च, रविवार

सगळं चढवलं. आज बहुतेक वेळ हवेच्या वाटेवर गेला, आणि तोंड बदलताना लोक जे हमखास विसरतात ते हेच आहे.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही म्हणून पुढून हवा लागत नाही, असा एक समज आहे. या गाडीची बॅटरी द्रवाने थंड होते, आणि ते द्रव थंड करायला एसीचं गॅस लागतं. उन्हाळ्यात जलद चार्जिंग चालू असताना गाडी उभी असते, समोरून वारा नाही, आणि बॅटरीची सगळी उष्णता कंडेन्सरमधून पंख्याच्या जोरावर बाहेर जायची असते. नव्या तोंडाची वरची जाळी बंद आहे, हवा येते ती खालच्या तोंडातून. ती हवा कंडेन्सरमधूनच गेली पाहिजे. कडेला फट राहिली तर पंखा तिथून मागची तापलेली हवा पुन्हा पुढे ओढतो. इंदूरच्या मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, असं झालं तर गाडी चार्जिंगचा वेग स्वतःच खाली आणते आणि आत्या बायपासवर ताटकळत बसते.

दाता गाडीचे प्लास्टिकचे पडदे लावल्यावरही उजव्या बाजूला बोटभर फट होती. काळी रबरी फोमची पट्टी दुहेरी लावली. मग एसी पूर्ण चालू करून, पंखा जोरात असताना, उदबत्ती घेऊन कडेकडेने फिरवली. धूर जिथे आत ओढला जातो तिथे गळती. वरच्या कोपऱ्यात एक सापडली, तीही बंद केली. आता धूर फक्त खालच्या तोंडातून आत जातो.

१६ मार्च, रविवार

पाणी आणि घरचं चार्जिंग. झाकण बंद करून वरून, खालून, बाजूने पाइपने पाणी मारलं. उघडून पाहिलं तर पिनांचा खळगा कोरडा. मग झाकण उघडं ठेवून कपभर पाणी मुद्दाम खळग्यात ओतलं (वीज बंदच होती), ते ड्रेनच्या नळीतून लगेच खाली आलं. सगळं वाळवून पुन्हा मेगर. वाचन तेच.

आत्याच्या लोकमान्य नगरच्या घरचा चार्जर काढून शेडमध्ये आणला होता. सर्व्हिस डिस्कनेक्ट परत बसवला, १२ व्होल्ट जोडलं, डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा इशारा नाही. गन लावली. लॉक बसल्याचा आवाज आला. कंट्रोल पायलटचा, म्हणजे चार्जर आणि गाडी ज्या तारेवर एकमेकांशी बोलतात तिचा, सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहिला. गन नसताना १२ व्होल्ट, लावल्यावर वरची पातळी ९, आणि गाडीने वीज मागितल्यावर ६. एक किलोहर्ट्झची ही चौकोनी लाट किती रुंद आहे त्यावरून चार्जर गाडीला सांगतो की किती अँपिअर घ्यायची मुभा आहे. रुंदी ५३ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे ३२ अँपिअर. सगळं जसं हवं तसं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली, शेडला सुट्टी. ताजा रंग म्हणून गाडीवर दोन ताडपत्र्या टाकून शटर ओढून घेतलं होतं.

२२ मार्च, शनिवार

विम्याचे सर्व्हेअर शेडमध्येच येऊन गेले. त्यानंतर गाडी फ्लॅटबेडवर चढवून नायता मुंडल्याच्या परिवहन कार्यालयात नेली. निरीक्षकांनी दिव्यांवरची मंजुरीची खूण, बीम, सॉकेट पाहिलं, इंजिन क्रमांकाच्या जागी मोटरचा क्रमांक आणि चेसी क्रमांक ताडून पाहिला. आधी अर्ज दिलेला होता म्हणून बोलणं सोपं गेलं. नोंद फाइलवर झाली, लेखी हातात मिळालं. विम्यातही बदल नोंदवला गेला. थोडा हप्ता वाढला, तो वाढू दे.

२३ मार्च, रविवार

हेडलाइटची दिशा. सपाट जमिनीवर, भिंतीपासून दहा मीटर, टायरची हवा नीट, चालकाच्या जागी आत्या स्वतः. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावली, लो बीमची वरची कड त्याच्या दहा सेंटिमीटर खाली आणली. आपल्याकडे डावीकडून चालतात म्हणून कड डावीकडे वर चढते, तो कोपरा नेमका मध्यावर बसवला. एलईडीची कड हॅलोजनपेक्षा खूप धारदार असते, त्यामुळे दिशा जराशी वर राहिली तरी समोरच्याचे डोळे दिपतात. रात्री आत्याने गाडी देवास नाक्यापर्यंत नेली, मी पुढच्या गाडीत बसून आरशात बघत होतो. आरशात झगमगाट नव्हता. तिला रस्त्याची डावी कड लांबवर दिसली.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी आत्याकडे गुढी, दुपारी बायपासवर ५० किलोवॅटच्या चार्जरला. मुद्दाम दुपारची वेळ निवडली. या बॅटरीला ५० किलोवॅटवर ८० टक्क्यांपर्यंत जायला सुमारे ५० मिनिटं लागतात असं कंपनी सांगते. आम्ही २० टक्क्यांवर लावली. प्रवाह मध्येच खाली आला नाही. सॉकेटची बाहेरची कड, पट्टी आणि केबलचं वळण, तीन ठिकाणी दर दहा मिनिटांनी तापमापक धरला. कोमट, कुठेही एक जागा वेगळी तापलेली नाही. गन एका हाताने सुटली. पट्टी हलत नाही.

चार्जिंगला थांबलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बावीसची का? मग पन्नासची बॅटरी, ४६१ किलोमीटर?" आत्याने सांगितलं, "नाही हो, वीसचीच आहे, ४४.५ ची. दिवे फक्त नवे." मला हे फार आवडलं. नवं मॉडेल ५०.३ किलोवॅट-तासांचं आहे, दिसायला आता ही तशीच आहे, आणि उद्या कुणी विकत घेताना फसू शकतो. म्हणून बोनटच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद चिकटवला आहे. त्यावर गाडीचं मूळ साल, बदललेल्या भागांची यादी, सॉकेटची नवी जागा आणि नारिंगी केबलचा रस्ता आकृतीसह. अपघातात अग्निशमनवाल्यांना पत्रा कापायची वेळ आली तर २०२२ ची आकृती बघून ते आमच्या गाडीत चुकीच्या जागी कटर घालतील. तोच कागद, लेखी परवानगीची प्रत आणि जुन्या दिव्यांच्या पिनांचा तक्ता डॅशबोर्डच्या कप्प्यातही ठेवलाय.

राहिलेलं काम : पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ड्रेनची नळी आणि अर्थिंगचा बोल्ट पुन्हा तपासायचा. मे महिन्यात एकदा भर दुपारी जलद चार्जिंग करून प्रवाह लिहून ठेवायचा. जुनं बीम भंगारात. जुने दिवे उस्तादांकडे, त्यांना त्यातली मोटर हवी होती.